उद्या नाही आलात तरी चालेल

ऊर्मी,

तुझ्या शोकसभेला मी आलो होतो. सुदामा नगरात, तुमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये, तिसऱ्या रांगेत. फोटो नेमका तो निवडला होता ज्यात तू कॅमेऱ्याकडे संशयाने बघते आहेस. मला तो आवडला. बाकी सगळ्या फोटोंत तू कुणाला तरी बरं वाटावं म्हणून हसलेली असतेस.

तुझे कोणी मामा बोलले. "कंप्यूटरमध्ये फार होशियार होती आमची ऊर्मी." मग शेजारचे एक गृहस्थ म्हणाले की तू लहान मुलांसाठी गेम बनवायचीस. तू असतीस तर मला कोपर मारलं असतंस. बारा वर्षं मोठ्या माणसांसाठी खेळ बनवले आणि शेवटी कॉलनीत झालं काय, तर मुलांचे गेम.

मग तुझ्या रविवारच्या क्लासची प्राची उठली. मी तिला ओळखत नव्हतो. तिने स्वतःच सांगितलं की चार वर्षं ती तुझ्याकडे खेळ बनवायला शिकते आहे. मराठीच, पण इंदूरची मराठी, अगदी तुझ्यासारखी. म्हणाली, "दीदी हर नव्या बॅचला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायच्या. बोलायच्या, मी एकदा खेळणाऱ्यांना धोका दिला आहे. 'अंगण'मधलं झाड मी सुकवलं होतं. त्या झाडापायी कुणाची तरी आई हॉस्पिटलात रडली. तुम्ही काही पण बनवा, पण ही गोष्ट याद ठेवा."

लोकांनी माना हलवल्या. माझ्या पुढच्या खुर्चीतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "स्वतःची चूक अशी सांगायला मोठं मन लागतं हो."

ऊर्मी, ते झाड मी सुकवलं होतं. हॉलमध्ये हे माहीत असलेला माणूस, मला वाटलं, मी एकटाच आहे. मी उठायला हवं होतं. मी चपलांच्या ढिगाकडे बघत बसलो, आणि दोन मिनिटांचं मौन संपल्याबरोबर तुझ्या आईला, काकूंना, न भेटता बाहेर पडलो.

आता तुला काय सांगायचं, तुला सगळं ठाऊकच आहे. तरी पहिल्यापासून लिहितो, कारण ह्यातलं बरंचसं मला मागच्या तीन आठवड्यांत नव्याने कळलंय.

मी कऱ्हाडहून इंदूरला आलो तेव्हा पलासियातल्या त्या ऑफिसात तू माझ्या समोरच्या टेबलावर होतीस. आपण कोचिंग क्लासवाल्यांची ॲप्स बनवायचो. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "आपण जेवायला कुठे जाता?" आणि तू मागे वळून बघितलंस, कोण वडीलधारी आलंय म्हणून. "अरे यार, मला बोलतोय का तू? अपन तर इथेच खातो." मग डबा उघडलास. पिठल्यावर शेव. मी बघतच राहिलो. "काय झालं? तुमच्याकडे नाही टाकत? मग खाता कसं?"

तुमचे पूर्वज होळकरांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. माझं मराठी ऐकून तू म्हणायचीस, तुझ्याशी बोललं की शाळेत उभं केल्यासारखं वाटतं. ह्या शहरात मला पहिलं कुणी हसलं ते तू, आणि जेवायला घरी नेलं तेही तूच.

तू नोकरी सोडलीस तेव्हा मला तो वेडेपणा वाटला होता. वर्षभराने मीही सोडली. तुझ्या घराच्या वरच्या खोलीत आपलं ऑफिस: दोन टेबलं, एक कूलर, आणि खालून काकूंची हाक. तू खेळ रचायचीस, चित्रं काढायचीस. मी ते चालते करायचो.

पहिला खेळ 'यादी'. आईने दिलेली सामानाची यादी घेऊन राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत फिरायचं. वेळेचं बंधन नाही, गुण नाहीत. ज्यांना खेळायला दिला त्यांतल्या प्रत्येकाने विचारलं, जिंकायचं कसं? तू म्हणायचीस, "घरी परत यायचं. आणखी काय पाहिजे?" त्याच्या आवाजांसाठी आपण सकाळीच राजवाड्याला गेलो होतो. भांड्यांच्या एका दुकानदाराला तू शटर पुन्हा खाली घ्यायला लावलंस, मग पुन्हा वर. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "अरे भिया, शटर की आवाज़ का क्या अचार डालोगे?" तू म्हणालीस, "हव काका, डालेंगे. एक बार और." आणि त्याने खरंच पुन्हा ओढलं. तुला माणसं नाही म्हणत नसत. मीही कधी म्हटलं नाही, आणि पुढे त्याचंच ओझं झालं बहुतेक.

तुझी ती परीक्षा मला अजून कुठे दिसलेली नाही. बाकीचे लोक माणूस खेळत असताना त्याला बघतात. तू खेळ बंद केल्यावर बघायचीस. फोन खाली ठेवल्यानंतरची दोन मिनिटं. तो खिडकीबाहेर बघतो का, पाणी मागतो का, की चोरी पकडल्यासारखा घड्याळाकडे बघतो. वहीत लिहायचीस: "पांढरा शर्ट, उठताना हसला." "निळी साडी, लगेच पुन्हा फोन उचलला, हे वाईट." मी म्हणालो होतो की पुन्हा उचलला म्हणजे खेळ आवडला. तू म्हणालीस, "खाज सुटली की माणूस खाजवतो. ते आवडणं नाही होत."

मग 'अंगण'. एक अंगण, एक कडुलिंब. झाडायचं, पाणी घालायचं, पक्षी येतात ते बघायचे. दहा-बारा मिनिटं झाली की खेळात संध्याकाळ होते, आणि पडद्यावर तुझ्या अक्षरात येतं: "आज एवढंच. उद्या नाही आलात तरी चालेल."

त्या ओळीवरून आपण महिनाभर भांडलो. मी तेव्हा पलासियाच्या मागे एका खोलीत एकटा राहायचो. लग्न मोडून वर्ष झालं होतं. मी तुला म्हणालो, "ज्याच्या घरी वाट बघणारं कुणीच नाही, त्याला हे वाचून काय वाटेल? सगळं जग त्याला हेच सांगतंय, की तू नाही आलास तरी चालेल. आता खेळानेही तेच सांगायचं?"

तू म्हणालीस, "ह्याचं उत्तर नाही माझ्याकडे. पण म्हणून कुणी वाट बघतंय असं खोटं सांगून बोलवायचं का, मंदार? वाट बघत नाही ना ते झाड. तो कोड आहे तुझा."

ओळ राहिली. लोकांना खेळ आवडला, पण आले थोडेच. मग गेम विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा निरोप आला. 'अंगण' त्यांच्या संग्रहात घ्यायला तयार होते. अट एवढीच की माणसं रोज परत येतात हे दिसलं पाहिजे. तू फोनवरच नकार दिलास, मला न विचारता. ह्याबद्दल मी तुला कधी बोललो नाही. आज बोलतो: ते चूक होतं. कंपनी आपल्या दोघांची होती. तत्त्वं तुझी होती म्हणून दाराची किल्लीही तुझ्याच एकटीकडे, असं झालं होतं.

आठ दिवसांनी तू आणि काकू मामेबहिणीच्या लग्नाला पुण्याला गेलात. त्या आठवड्यात मी ते केलं. दोन दिवस खेळायला आलं नाही की पानं पिवळी पडायची. पाच दिवसांत अर्धं झाड झडायचं. आणि फोनवर निरोप जायचा: "झाड तुमची वाट बघतंय." माझ्या हाताने लिहिलं मी हे, ऊर्मी. तुला फोन उचलून सांगता आलं असतं. मी ठरवलं, आकडे दाखवूनच सांगू. आकडे खरंच चढले. मला वाटलं, बघ, लोकांना हवं असतं कुणीतरी बोलावणारं.

मग रतलामच्या एका बाईंची ई-मेल आली, आपल्या दोघांच्याही फोनवर. ती मी त्या दिवशी एकदा वाचली आणि परत कधी उघडली नाही, पण पाठ आहे. त्यांच्या आईचं ऑपरेशन झालं होतं. दोन्ही हातांना सुया. आई रडून फोन मागत होत्या, कारण झाड सुकेल. बाईंनी एक शब्दही वाकडा लिहिला नव्हता. फक्त विचारलं होतं, आई घरी येईपर्यंत झाड हिरवं ठेवायची काही सोय होईल का? त्रासाबद्दल क्षमा असावी.

तुझा फोन दुपारी आला. मागे लग्नघरातला गोंगाट. तू ओरडली नाहीस. एवढंच विचारलंस, "मंदार, आपलं झाड कधीपासून सुकायला लागलं?"

दुसऱ्या दिवशी तू परतलीस आणि सामान खाली न ठेवता वर आलीस. ते भांडण मी इथे लिहीत नाही. मी तुला म्हणालो की तुझ्या चांगुलपणावर दोन माणसं जगू शकत नाहीत. तू म्हणालीस की माझ्या आजूबाजूचा सगळा एकटेपणा मी त्या झाडात भरलाय. ते खरं होतं, म्हणून लागलं. संध्याकाळच्या आत तू ते सगळं काढून टाकलंस आणि म्हणालीस, "मी सगळ्यांना लिहिणार आहे."

"लिही," मी म्हणालो. "माझं नाव टाक. मोठं करून टाक."

खाली काकू हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्या बाजूने निघून गेलो.

सहा वर्षं. पलासियातच दुसरी नोकरी धरली. तिथे मी काय करतो ते तुला माहीत असणारच, इंदूर तसं लहान आहे. माणसाने रोज परत यावं ह्यासाठी जे जे करता येतं ते मी करतो. चांगलं करतो. तू लिहिलेलं ते निवेदन मी कधी वाचलं नाही. त्यात माझं नाव आहे असं धरून चाललो. कुणी नवीन माणूस भेटला आणि जरा थंडपणे बोलला, की मला वाटायचं, ह्याने वाचलंय. दोन समारंभांना तू येणार म्हणून गेलो नाही.

भेटलो एकदाच, आठवतंय? दाताच्या दवाखान्यात. तुझा अर्धा जबडा बधिर, गालावर रुमाल. आपल्यात एक रिकामी खुर्ची होती. तू मला बघून हात वर केलास. काहीतरी बोलायला गेलीस आणि तोंडातून नुसतं "अं अं" आलं, त्यावर तुझं तुलाच हसू आलं. मी मान हलवली आणि मासिक उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा तुला बोलता येत नव्हतं. माझं सगळं ऐकून घेण्यावाचून तुझ्यापुढे इलाज नव्हता. मी गाड्यांच्या जाहिराती वाचत बसलो. मग माझं नाव पुकारलं.

आणि मग जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर निरोप. डेंग्यू. चार दिवसांत. मी तो निरोप लिफ्टमध्ये वाचला, आणि लिफ्ट माझ्या मजल्यावर उघडून पुन्हा बंद झाली.

शोकसभेहून घरी आलो आणि तुझं निवेदन उघडलं. सहा वर्षं 'अंगण'च्या पानावर तिथेच होतं. चार ओळी. "अंगणातलं झाड आता सुकणार नाही. ते सुकवण्याचा निर्णय माझा होता. खेळणाऱ्याला अपराधी वाटायला लावून परत बोलावणं ही फसवणूक आहे, आणि ती मी केली. ज्यांना त्रास झाला त्यांची मी माफी मागते." खाली फक्त तुझं नाव.

मी खूप चिडलो, ऊर्मी. तुला वाटेल रडलो असेन. रडलो, पण ते नंतर. आधी चिडलो. खेळात एवढंसं खोटं चालत नव्हतं तुला. कोड वाट बघत नाही म्हणून झाडाला "वाट बघतंय" म्हणू द्यायचं नाही. आणि स्वतः जाऊन सगळ्यांसमोर एवढं मोठं खोटं? तेही दर बॅचला, नव्या नव्या मुलांसमोर? मला विचारलंस का? माझी चूक होती ती. माझ्याकडे तेवढीच एक गोष्ट होती जी नक्की माझी होती.

खोलीत मोठ्याने बोलत होतो मी. समोर भिंत. मी थांबलो, कारण इथे तू माझं बोलणं मध्येच तोडायचीस आणि पुढे न्यायचीस, आणि कुणी तोडलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी तुझ्या घरी गेलो. प्राचीला फोन करून विचारलं होतं. म्हणाली, क्लास आम्ही चालू ठेवलाय, या. वरच्या खोलीत नऊ जण होते, सगळे खाली बसलेले. कूलर नवा आहे. मी उभा राहून सांगितलं: माझं नाव मंदार, 'अंगण' मी आणि ऊर्मीने मिळून बनवला, आणि झाड मी सुकवलं होतं. तिला न सांगता. ती तेव्हा पुण्यात होती. मग मी आता कुठे नोकरी करतो आणि तिथे काय करतो, आणि निवेदनात तिने माझं नाव टाकलं असं धरून सहा वर्षं तिच्याशी बोललो नाही, तेही सांगितलं.

मग प्राची म्हणाली, आणि तिचा आवाज थोडा चढलाच, "मतलब दीदी आम्हाला झूठ बोलल्या?"

"हो," मी म्हणालो. "ह्या बाबतीत बोलली."

"का पण?"

"मला माहीत नाही. मी तिला कधी विचारलं नाही."

"आणि तुम्ही सहा साल त्यांच्यावर नाराज होता? जे त्यांनी केलंच नाही, त्याच्यासाठी?"

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. तुझ्यासारखीच बघते, माणूस बोलून झाल्यावरची दोन मिनिटं. मग खाली बघून म्हणाली, "चला, अपन काम सुरू करू या," आणि सगळे आपापल्या लॅपटॉपकडे वळले. मला माफ केलं की हाकललं, ते कळलं नाही. मला वाटतं, तू त्यांना बरं शिकवलंयस.

नोकरी मी सोडलेली नाही. सोडेन असंही लिहीत नाही. रतलामच्या बाईंना मात्र पत्र लिहिलं, चूक माझी होती म्हणून. उत्तर आलेलं नाही. ते यायला पाहिजे असंही काही नाही.

खाली आलो तर काकू जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या. मला बसायला सांगितलं. वरचं सगळं त्यांना ऐकू गेलं होतं. तुमच्या घरात सगळं ऐकू जातं.

मी म्हणालो, "काकू, ते झाडाचं..."

"मला माहीत आहे रे," काकू म्हणाल्या. "पहिल्यापासून माहीत आहे. ती मेल आली तेव्हा ऊर्मीच्या दोन्ही हातांना मेंदी होती. मीच धरला होता फोन तिच्यासमोर. वाचली तिने, आणि बोलली, आई, मंदारने काय करून ठेवलं हे."

"मग तिने माझं नाव का नाही लिहिलं?"

"विचारलं होतं मी. बोलली, कंपनी दोघांची आहे, मी त्याला विचारलं नाही आणि त्याने मला विचारलं नाही, मग कुणाचं एकट्याचं कसं झालं? बोलली, त्याला सांगायचं असेल तर तो येईल." काकूंनी एक काडी मोडली. "मग नाही आलास तू."

म्हणजे माझी तक्रार तुला तेव्हाच कळली होती. फोनवर तू एकटीने नकार दिलास, ते. सहा वर्षं मी ती उरात घेऊन फिरलो, आणि तू ती निवेदन लिहितानाच, हातावरची मेंदी फिकी व्हायच्या आत मान्य करून बसली होतीस.

"काकू," मी म्हणालो, "तिने मला एकदा तरी फोन करायला हवा होता."

त्यांनी मान वर केली. डोळे सुजलेले होते, पण आवाज साधा होता. "तू तरी कुठे केलास?"

ह्याचं उत्तर काकूंना द्यायचं नव्हतंच. सहा वर्षं तुझा नंबर माझ्या फोनमध्ये होता, ऊर्मी. पुष्कळदा काढला. मी रागावलोय म्हणून फोन करत नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं हे आहे की तू तो उचलशील, ह्याची मला भीती वाटायची.

मंदार